तापमानानुसार मिश्रधातूंमध्ये होणारी चुंबकीय प्रावस्थांतरे : स्वरूप, उपयोजन आणि भारतीय संशोधन

प्रस्तावना :

पाण्याचे बर्फ होणे आणि पाण्याची वाफ होणे ही प्रावस्थांतराची सर्वपरिचित उदाहरणे होत. पदार्थ तोच राहतो, परंतु विशिष्ट तापमानास त्याच्या अंतर्गत रचनेची व्यवस्था बदलते आणि त्याबरोबर त्याचे गुणधर्मही बदलतात. अशाच प्रकारचा बदल घन धातूच्या आत, त्याचे बाह्यरूप कायम असतानाही, घडत असतो. एका तापमानापर्यंत चुंबकाकडे जोराने खेचला जाणारा धातू त्या तापमानापलीकडे चुंबकास जवळजवळ दाद देत नाही. हा बदल म्हणजे चुंबकीय प्रावस्थांतर होय. पदवी स्तरावरील भौतिकशास्त्राच्या अभ्यासक्रमात ‘क्यूरी तापमान’ ही संज्ञा येते, तिची व्याख्या पाठ केली जाते आणि आलेख काढून विषय संपतो. तथापि या संकल्पनेचा संबंध खिशातील नाण्याशी, घरातील वीज मीटरशी, आपल्या पायाखालील काळ्या पाषाणाशी आणि उद्याच्या शीतकरण तंत्राशी आहे, ही बाब विद्यार्थ्यांपर्यंत क्वचितच पोहोचते.

प्रस्तुत लेखात प्रथम या प्रावस्थांतराचे मूलभूत स्वरूप स्पष्ट केले असून, त्यानंतर मिश्रधातूंमध्ये ते हवे त्या तापमानास कसे आणता येते, त्याचे दोन प्रकार कोणते आणि त्या भेदावर चुंबकीय शीतकरणाचे भवितव्य कसे अवलंबून आहे, याचा विचार केला आहे. दुधनीसारख्या अक्कलकोट तालुक्यातील सीमावर्ती गावी, जेथे मे महिन्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो आणि शेतमालाची साठवण हा नित्याचा प्रश्न आहे, तेथे या विषयाचे महत्त्व केवळ पाठ्यपुस्तकी राहत नाही.

चुंबकीय सुव्यवस्था आणि उष्णता :

लोह, निकेल आणि कोबाल्ट या धातूंमधील प्रत्येक अणू हा स्वतः एक सूक्ष्म चुंबक असतो. शेजारील अणुचुंबकांना एकाच दिशेने वळविणारा प्रभाव पदार्थातच असतो. सन १९०७ मध्ये पिअर वाइस यांनी या प्रभावास ‘रेण्वीय क्षेत्र’ असे संबोधले. परंतु हे क्षेत्र इतके प्रचंड का, याचे उत्तर अभिजात भौतिकशास्त्राकडे नव्हते. सन १९२८ मध्ये वर्नर हायझेनबर्ग यांनी पुंज यामिकीच्या आधारे ते दिले. इलेक्ट्रॉनांमधील विद्युत प्रतिसारण आणि पाउली यांचे अपवर्जन तत्त्व यांच्या एकत्रित परिणामातून ‘विनिमय आंतरक्रिया’ निर्माण होते आणि तीच अणुचुंबकांना एका रांगेत ठेवते.

या सुव्यवस्थेच्या विरोधात उष्णता कार्य करते. दिंडीतील वारकरी टाळाच्या ठेक्यावर एका लयीत पावले टाकतात, परंतु गर्दीचा रेटा वाढत गेला की प्रथम काही जणांची लय चुकते, त्यांच्यामुळे शेजाऱ्यांची चुकते आणि अखेरीस सामूहिक लयच उरत नाही. तापमान वाढत असता अणुचुंबकांचे असेच होते. ज्या तापमानास सामूहिक दिशा पूर्णतः लोप पावते, ते क्यूरी तापमान. पिएर क्यूरी यांनी सन १८९५ मधील आपल्या प्रबंधात चुंबकत्व आणि तापमान यांचा पद्धतशीर अभ्यास मांडला, म्हणून त्यांचे नाव या तापमानास मिळाले. त्याखाली पदार्थ लोहचुंबकीय असतो, त्यावर तो समचुंबकीय होतो.

लोहाचे क्यूरी तापमान सुमारे ७७० अंश सेल्सिअस, निकेलचे सुमारे ३५८ अंश, कोबाल्टचे १,१०० अंशांहून अधिक, तर गॅडोलिनियम या दुर्मिळ मृदा धातूचे अवघे २० अंशांच्या आसपास आहे. येथे एक सामान्य गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. लोह तापविले असता त्याची स्फटिकरचना बदलते म्हणून चुंबकत्व जाते, असे अनेकदा सांगितले जाते. प्रत्यक्षात शुद्ध लोहाची स्फटिकरचना ९१२ अंशांस बदलते, तर चुंबकत्व ७७० अंशांसच लोपते. ७७० ते ९१२ अंशांच्या दरम्यानच्या लोहास पूर्वी ‘बीटा लोह’ असे स्वतंत्र नाव होते. पुढे, स्फटिकरचना तीच असून केवळ चुंबकीय व्यवस्था बदललेली आहे हे स्पष्ट झाल्यावर ते नाव मागे पडले. म्हणजेच चुंबकीय प्रावस्थांतर ही स्वतंत्र घटना असू शकते, ती संरचनेतील बदलाची केवळ सावली नव्हे.

मिश्रणाने बदलणारे क्यूरी तापमान : नाण्याचे उदाहरण

शुद्ध धातूचे क्यूरी तापमान निसर्गाने ठरविलेले असते, मिश्रधातूचे मात्र मनुष्याला ठरविता येते. याचे सर्वांत सुलभ उदाहरण भारतीय नाण्यांत सापडते. सन १९५० चा गणराज्याचा रुपया निकेलचा होता व तो चुंबकास चिकटतो. सन १९७५ ते १९८२ या काळातील रुपया ७५ टक्के तांबे आणि २५ टक्के निकेल यांच्या मिश्रधातूचा होता, तो चुंबकास चिकटत नाही. सन १९९२ पासून आलेला रुपया क्रोमियमयुक्त पोलादाचा असून तो पुन्हा चिकटतो. मधल्या नाण्यात चौथा हिस्सा निकेल असूनही त्याचे चुंबकत्व कोठे गेले?

निकेलमध्ये तांबे मिसळत गेल्यास क्यूरी तापमान जवळजवळ सरळ रेषेत खाली येते. प्रत्येक एक टक्का तांब्यामागे ही घट ढोबळमानाने ११ अंशांची असते. तांब्याचे प्रमाण ५५ टक्क्यांच्या आसपास पोहोचले की लोहचुंबकत्व कोणत्याही तापमानास उरत नाही. सोप्या चित्रानुसार, निकेलचे चुंबकत्व त्याच्या अपूर्ण इलेक्ट्रॉन पट्टातील रिकाम्या जागांमुळे असते आणि प्रत्येक तांब्याचा अणू आपल्याजवळील एक जादा इलेक्ट्रॉन देऊन त्या जागा भरीत जातो. अलीकडील संशोधनाने हे चित्र अधिक गुंतागुंतीचे असल्याचे दाखविले असले, तरी निष्कर्षाची दिशा तीच राहते.

याच रेषेवर सुमारे ३० टक्के तांबे असलेला मोनेल हा मिश्रधातू येतो. त्याचे क्यूरी तापमान, घटकांच्या नेमक्या प्रमाणानुसार, सुमारे २० ते ५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते. याचा अर्थ असा की, मोनेलचा एखादा तुकडा जानेवारीतील पहाटे दुधनीत चुंबकाकडे खेचला जाईल आणि तोच तुकडा मे महिन्याच्या दुपारी चुंबकास क्षीण प्रतिसाद देईल. प्रावस्थांतर पाहण्यासाठी भट्टीच लागते असे नाही, ऋतूंमधील फरकही पुरेसा असतो.

याउलट घटनाही घडते. सन १९०३ मध्ये फ्रिट्झ हॉइसलर यांनी तांबे, मँगेनीज आणि ॲल्युमिनियम या तिघांचा मिश्रधातू लोहचुंबकीय असल्याचे दाखविले, वस्तुतः यांतील एकही धातू स्वतः लोहचुंबकीय नाही. चुंबकत्व हा केवळ अणूचा गुण नसून अणूंच्या परस्पर मांडणीचा गुण आहे, हे त्यातून सिद्ध झाले.

लोह-निकेल मिश्रधातू : मोजमापाचे रक्षक

सन १८९६ मध्ये शार्ल एद्वार गियोम यांनी सुमारे ३६ टक्के निकेल असलेल्या लोहाच्या मिश्रधातूचे औष्णिक प्रसरण नगण्य असल्याचे शोधले. ‘इन्वार’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मिश्रधातूने घड्याळे, मापनपट्ट्या आणि भूमापनाची साधने अचूक केली. या कार्याबद्दल गियोम यांना १९२० चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. इन्वारचे रहस्य चुंबकीय आहे. चुंबकीय सुव्यवस्थेमुळे त्याचे आकारमान किंचित वाढलेले असते. तापमान वाढताना अणूंच्या कंपनांमुळे धातू प्रसरण पावू पाहतो, त्याच वेळी क्षीण होणाऱ्या चुंबकत्वामुळे तो आकुंचन पावू पाहतो. या दोन प्रवृत्ती एकमेकींना जवळजवळ रद्द करतात.

निकेलचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास आणल्यास क्यूरी तापमान नेहमीच्या हवामानाच्या थोडेच वर येते. असा मिश्रधातू फिरत्या तबकडीच्या वीज मीटरमध्ये वापरला जात असे. या मीटरमध्ये ॲल्युमिनियमच्या तबकडीला एक स्थायी चुंबक रोधक बल देतो. उन्हाळ्यात हा चुंबक किंचित दुर्बल होतो, रोध कमी पडतो आणि तबकडी जरुरीपेक्षा वेगाने फिरू लागते, म्हणजे ग्राहकाचे देयक वाढते. हे टाळण्यासाठी चुंबकाच्या ध्रुवांना लागून लोह-निकेलची एक लहान पट्टी बसवीत. थंडीत ती चुंबकीय प्रवाहाचा काही भाग स्वतःतून वळवून घेते. तापमान वाढले की तिची पार्यता झपाट्याने घटते, वळविलेला प्रवाह पुन्हा तबकडीकडे येतो आणि रोध पूर्ववत होतो. सोलापूरच्या उन्हात भिंतीवर टांगलेले मीटर प्रामाणिक ठेवण्याचे काम एका प्रावस्थांतराच्या उंबरठ्यावरील धातूने अनेक दशके केले. आता त्यांची जागा इलेक्ट्रॉनिक मीटरांनी घेतली असली, तरी तत्त्वाचे मोल कमी होत नाही.

दख्खनचा पाषाण : निसर्गातील नोंद

येथे मिश्रधातूंच्या कक्षेबाहेरील, परंतु आपल्या भूमीतील एका उदाहरणाचा उल्लेख उचित ठरेल. दुधनी व परिसराची काळी जमीन ज्या बेसॉल्ट खडकापासून झाली, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनला. या खडकात मॅग्नेटाइट व टायटेनियमयुक्त मॅग्नेटाइट ही ऑक्साइड खनिजे असतात. शुद्ध मॅग्नेटाइटचे क्यूरी तापमान सुमारे ५८० अंश सेल्सिअस असून टायटेनियमचे प्रमाण वाढेल तसे ते घटते, म्हणजे निकेल-तांब्याप्रमाणेच येथेही घटकांचे प्रमाण निर्णायक ठरते. लाव्हा निवत असताना क्यूरी तापमानाखाली येताच या खनिजांनी तत्कालीन भूचुंबकीय क्षेत्राची दिशा आपल्यात कोरून ठेवली. १९५० च्या दशकात लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील संशोधकांनी व मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील सी. राधाकृष्णमूर्ती आणि पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे यांनी या नोंदींचे मापन केले. हा लाव्हा पसरला तेव्हा भारतभूमी दक्षिण गोलार्धात होती, असा अर्थ त्यातून निघाला आणि खंडवहनाच्या सिद्धांतास बळ मिळाले.

प्रावस्थांतराचे दोन प्रकार :

आतापर्यंतच्या उदाहरणांत चुंबकत्व हळूहळू क्षीण होत जाऊन क्यूरी तापमानास सलगपणे शून्य होते. यात अप्रकट उष्मा नसतो, तापविताना व थंड करताना धातू एकाच मार्गाने जातो. यास द्वितीय श्रेणीचे प्रावस्थांतर म्हणतात. याउलट बर्फ वितळण्याप्रमाणे एकाएकी घडणारे, अप्रकट उष्मा असलेले प्रावस्थांतर हे प्रथम श्रेणीचे होय. हे वर्गीकरण पॉल एहरेनफेस्ट यांनी १९३३ मध्ये मांडले.

प्रथम श्रेणीचे अभिजात उदाहरण म्हणजे लोह आणि ऱ्होडियम यांचा जवळजवळ समप्रमाणातील मिश्रधातू. यावरील संशोधन १९३० च्या दशकाच्या अखेरीस फालो यांनी केले. खोलीच्या तापमानास हा मिश्रधातू प्रतिलोहचुंबकीय असतो, म्हणजे त्यातील शेजारचे लोह अणुचुंबक एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून असतात व एकूण चुंबकत्व शून्य राहते. तो थोडा तापविला असता, साधारणतः ५० ते १०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान, एकाएकी लोहचुंबकीय होतो आणि त्याचे आकारमान सुमारे एक टक्क्याने वाढते. तापविल्याने चुंबकत्व नष्ट होण्याऐवजी प्रकट होते, हे येथील वैशिष्ट्य.

प्रथम श्रेणीच्या बदलास मंदायन असते, म्हणजेच हिस्टेरिसिस. तापविताना बदल ज्या तापमानास होतो, त्यापेक्षा खालच्या तापमानास तो परत फिरतो. दुधाचे विरजण लागावे पण परत दूध होऊ नये, इतकी टोकाची ही स्थिती नसते, परंतु परतीचा मार्ग वेगळा असतो एवढे खरे.

चुंबकीय शीतकरण : अपेक्षा आणि अडचण

चुंबकीय पदार्थावर क्षेत्र लावले असता अणुचुंबक रांगेत येतात, त्यांची एंट्रॉपी घटते आणि ती ऊर्जा स्फटिकजालकास मिळून पदार्थ तापतो. ही उष्णता बाहेर काढून नंतर क्षेत्र काढून घेतले की पदार्थ मूळ तापमानापेक्षा थंड होतो. वाइस आणि पिकार यांनी १९१७ मध्ये निकेलमध्ये हा परिणाम अभ्यासला. विल्यम जिओक यांनी याच तत्त्वाने १९३३ मध्ये निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळचे तापमान गाठले व १९४९ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. खोलीच्या तापमानास कार्य करणारे असे यंत्र जी. व्ही. ब्राउन यांनी १९७६ मध्ये गॅडोलिनियम वापरून दाखविले. त्यानंतर १९९७ मध्ये अमेरिकेतील एम्स प्रयोगशाळेत पेचार्स्की आणि श्नायडनर यांनी गॅडोलिनियम-सिलिकॉन-जर्मेनियमच्या मिश्रधातूत ‘महाकाय’ चुंबकोष्णिक परिणाम शोधला आणि जगभर या विषयास गती आली.

या गतीमागे एक निकडीचे कारण आहे. प्रचलित शीतकपाटांतील व वातानुकूलकांतील अनेक वायू पृथ्वीच्या तापमानवाढीस हातभार लावतात. १९८७ च्या माँट्रियल करारास जोडलेल्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीस भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली असून, त्यानुसार हायड्रोफ्लुरोकार्बन वायूंचा वापर २०३२ पासून टप्प्याटप्प्याने घटवून २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी कमी करावयाचा आहे. एकीकडे शीतगृहांची गरज वाढती, दुसरीकडे प्रचलित वायूंवर मर्यादा. डाळिंबासारख्या नाशवंत फळाचा पुरवठा करणाऱ्या आपल्या जिल्ह्यास हा प्रश्न दूरचा नाही. वायूरहित शीतकरणाचे आकर्षण यातूनच आहे.

मग अडचण कोणती? गॅडोलिनियमचे प्रावस्थांतर द्वितीय श्रेणीचे आहे. ते विश्वासू आहे, पण दोन टेस्ला क्षेत्रात त्याचे तापमान सुमारे पाच अंशांनीच बदलते. लोह-ऱ्होडियमचा परिणाम त्याच क्षेत्रात याहून कितीतरी अधिक असल्याचे १९९० मध्ये दिसून आले. येथे दिशा उलट असते, क्षेत्र लावले की मिश्रधातू थंड होतो. परंतु येथेच मंदायन आडवे येते. प्रत्येक टेस्ला क्षेत्रामागे प्रावस्थांतराचे तापमान सुमारे ८ ते ९ अंशांनी सरकते, तर मंदायनाची रुंदी सुमारे १० अंशांची असते. स्थायी चुंबकाच्या एक टेस्लाच्या क्षेत्राने मिश्रधातू एकदा बदलला, तर क्षेत्र काढल्यावर तो मूळ स्थितीत पूर्णतः परतत नाही. पहिल्या फेरीत मिळालेले थंडावणे दुसऱ्या फेरीत तेवढे मिळत नाही. शीतकपाट हे तर सेकंदागणिक फेऱ्या करणारे यंत्र. म्हणून ‘सर्वांत मोठा परिणाम’ आणि ‘सर्वांत उपयुक्त परिणाम’ या दोन भिन्न गोष्टी ठरतात. शिवाय ऱ्होडियम हा प्लॅटिनम गटातील अत्यंत महागडा धातू आहे.

भारतीय संशोधनाचे योगदान :

या नेमक्या प्रश्नावर भारतात मौलिक कार्य झाले आहे. इंदूर येथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील एम. मानेकर व एस. बी. रॉय यांनी २००८ मध्ये दाखविले की, क्षेत्र आणि तापमान यांचा मार्ग योग्य रीतीने निवडल्यास लोह-ऱ्होडियममधील महाकाय परिणाम पुनःपुन्हा मिळविता येतो. पूर्वी पदार्थाचा दोष मानली गेलेली बाब बहुतांशी मापनमार्गाशी निगडित होती. त्याच शहरातील विद्यापीठ अनुदान आयोग व अणुऊर्जा विभाग यांच्या संयुक्त संशोधन केंद्रात पी. चड्ढा, ए. बॅनर्जी व सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पुढे आणली. काही मिश्रधातू थंड करताना त्यांचे प्रथम श्रेणीचे प्रावस्थांतर अर्ध्यावरच गोठते. अणूंची हालचाल इतकी मंदावते की जुनी व नवी अवस्था शेजारी शेजारी अडकून राहतात. काचेशी साम्य असल्याने या स्थितीस ‘चुंबकीय काच’ म्हणतात. एका क्षेत्रात थंड करून दुसऱ्या क्षेत्रात तापविण्याची त्यांची पद्धती खरी स्थिर अवस्था कोणती हे ओळखण्यास उपयुक्त ठरली.

मुंबईत पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत के. जी. सुरेश आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ए. के. निगम यांनी सहकाऱ्यांसह दुर्मिळ मृदा मिश्रधातू व निकेल-मँगेनीजयुक्त हॉइसलर मिश्रधातू यांतील चुंबकोष्णिक परिणामांचा विस्तृत अभ्यास केला. निकेल-मँगेनीज-कथिल अशा मिश्रधातूंत संरचनेतील व चुंबकत्वातील बदल एकत्र घडतात आणि घटक तुलनेने स्वस्त आहेत, हे त्यांचे आकर्षण होय. अणुचुंबकांची दिशा प्रत्यक्ष ‘पाहण्यासाठी’ न्यूट्रॉन विवर्तन लागते. १९८५ मध्ये कार्यान्वित झालेल्या तुर्भे येथील ध्रुव अणुभट्टीने ही सुविधा देशातील संशोधकांना उपलब्ध करून दिली.

जागतिक पातळीवर लँथॅनम-लोह-सिलिकॉन या मुख्यतः लोहाच्या संयुगाकडे आता लक्ष वेधले आहे. त्यात हायड्रोजन भरून क्यूरी तापमान खोलीच्या तापमानापर्यंत आणता येते आणि मंदायन अल्प ठेवता येते. प्रथम व द्वितीय श्रेणीच्या सीमेवरील असे पदार्थच व्यवहारात टिकतील, असे आजचे संशोधन सुचविते.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. एक, चुंबकीय प्रावस्थांतर हे विनिमय आंतरक्रिया आणि उष्णता यांच्या संघर्षाचे फलित असून त्याचे तापमान मिश्रणाच्या प्रमाणाने नियंत्रित करता येते. दोन, प्रावस्थांतराची श्रेणी ही केवळ वर्गीकरणाची बाब नसून उपयोजनाची कसोटी आहे. द्वितीय श्रेणीत विश्वासार्हता आहे परंतु परिणाम लहान, प्रथम श्रेणीत परिणाम मोठा परंतु मंदायनाची किंमत मोजावी लागते. तीन, चुंबकीय शीतकरण आज ना घरगुती वस्तू झाले आहे, ना निव्वळ स्वप्न राहिले आहे. त्याचे यश नव्या मिश्रधातूतील मंदायन किती कमी करता येईल यावर अवलंबून आहे.

ग्रामीण महाविद्यालयांना महागडी उपकरणे परवडत नाहीत हे खरे. परंतु जुने निकेलचे नाणे, तांबे-निकेलचे नाणे, एक चुंबक, निकेलची तार, स्पिरिटचा दिवा आणि तापयुग्म एवढ्या साहित्यावर क्यूरी तापमानाचा प्रयोग कोणत्याही प्रयोगशाळेत मांडता येतो. तापलेली तार चुंबकापासून सुटते आणि थंड होताच पुन्हा चिकटते, हे विद्यार्थ्याने स्वतः पाहिले, सुटण्याचे व चिकटण्याचे तापमान स्वतः नोंदविले, म्हणजे व्याख्या पाठ करण्याची गरज उरत नाही. आणि ती दोन तापमाने जुळतात की नाहीत, हा प्रश्न त्याने विचारला, तर तो इंदूर व मुंबईच्या प्रयोगशाळांत विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाच्या दाराशी येऊन पोहोचलेला असेल.